नखाच्या मुळाशी

वहिनींना चाकाच्या खुर्चीत बसवून, तोंडाला मास्क लावून वॉर्डात आणलं, तेव्हा भाऊंना वाटलं, आता आपल्यामागोमाग बायकोचाही नंबर लागला. घरी जायचं म्हणून ते मोठ्या उत्साहानं सदऱ्याची बटणं लावत होते. ती खालीवर लागली.

"अगं, तुला काय झालं?"

वहिनी मास्कच्या आतून काहीतरी बोलल्या, ते कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात हलवून 'काही नाही, काही नाही' अशी खूण केली. खरं तर त्या हातांनीच सगळा घोटाळा केला होता.

लग्न होऊन आल्यापासून वहिनी घरच्या रंगाऱ्याच्या दुकानात बसत आल्या होत्या. गोऱ्या सुनेनं गिऱ्हाईक बघायचं आणि मागच्या शेडमध्ये निळीच्या पिंपाशी आक्कांनी उभं राहायचं, ही या घराची रीत होती. ती कुणी कधी तोंडानं बोलून दाखवली नाही, त्यामुळे तिच्यावर भांडण करायचीही कुणाला सोय नव्हती. पण घरात ताप आला. भाऊ आणि आक्का, दोघं बहीणभाऊ एकाच आठवड्यात पडले. भाऊंचे ओठ निळे पडलेले सगळ्यांनी पाहिले आणि त्यांना त्याच दुपारी दवाखान्यात दाखल केलं. आक्कांना तपासून घरी पाठवलं. ऑर्डरी तर अंगावर आलेल्या. शेवटी वहिनींनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पिंपात घातले. हातमोजे घातले तर कापड बोटांना कळत नाही, असं आक्कांचं म्हणणं, म्हणून तेही नाहीत.

आणि आज भाऊंना घरी न्यायला आलेल्या वहिनी कागदावर सही करायला वाकल्या, तर काउंटरवरच्या सिस्टरला त्या गोऱ्या हातांची निळी नखं दिसली. तिनं पुढचं-मागचं काही विचारलं नाही. खुर्ची आली, मास्क आला. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा रंगलेल्या नखातून भलताच आकडा दाखवायला लागला, तेव्हा खात्री करायला मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं. सुई आत गेली तेव्हा वहिनी अशा किंचाळल्या की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. दोघी सिस्टर त्यांची पाठ चोळत बसल्या.

तेवढ्यात डॉक्टर धावत आला. डॉक्टर म्हणजे भाऊंचा धाकटा. याच दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून घरात त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, त्याची आईसुद्धा नाही.

"अहो सिस्टर, ही माझी आई! आम्ही रंगारी आहोत. नीळ आहे ती, नीळ!"

रक्ताचा रिपोर्टही उत्तम आला. सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसली, पण ओशाळली नाही.

"हसा तुम्ही. आम्ही धोका पत्करत नाही. बोटं निळी दिसली की आधी माणसाला बसवायचं, चौकशा मागाहून."

वहिनीही हसत होत्या. हसता हसता त्यांनी मास्क काढून मांडीवर ठेवला आणि लेकाला विचारलं, "आक्कांना चिमटा लावलास तेव्हा आकडा किती आला होता रे?"

"कमीच. त्यांच्या नखांना नीळ असतेच की. म्हणून मग कानाच्या पाळीला लावला. तिथं ठीक आला."

"आणि मनगटातलं रक्त?"

"ते कशाला? आई, ते फार दुखतं."

"हो," वहिनी म्हणाल्या, "आत्ताच कळलं मला."

भाऊंनी बटणं सोडून पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. या दवाखान्यात जास्त वेळ थांबणं त्यांना आवडत नसे. त्यांची आई इथंच गेली होती, मागच्या बाजूला, न्हाणीघराशेजारच्या खाटेवर. आई खाणवस्तीतली. खाणीवरच्या काळ्या माणसांची कातडी जाड, त्यांना दुखणं कमी लागतं, असं तेव्हा शिकलेली माणसंही बिनदिक्कत म्हणायची. भाऊंनी वडिलांचा रंग उचलला होता आणि आक्कांनी आईचा. लहानपणी या दोघांना सख्खी भावंडं म्हणून ओळखायला परकी माणसं दोनदा बघायची.

"चला आता घरी," ते म्हणाले. "आक्का वाट बघत असेल."

*

आक्का वाट बघत होत्याच, मागच्या दारातल्या खुर्चीत. दिवस खुर्चीत जायचा आणि रात्रही. आडवं झालं की ओल्या कापडाचा गठ्ठा छातीवर टाकल्यासारखं व्हायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, इथं वारा चांगला येतो.

व्हॅनचा आवाज आला. थोरलीनं गाडी लावली असणार. भाऊंची ही मुलगी दुकानाचा माल पोचवायची, आणि अंगानं, रंगानं, हट्टानं आत्यावर गेली होती. भाऊ येतोय तर उठून उभं राहावं असं आक्कांना फार वाटलं. पण उभं राहिलं की बोलायला श्वास उरत नाही, आणि बोललं नाही की माणसांच्या लक्षात येतं. तेव्हा बसूनच राहायचं त्यांनी ठरवलं. हल्ली त्या अशीच काटकसर करत होत्या. वाक्यं लहान झाली होती. घरच्यांना वाटत होतं, आक्का रुसल्यात.

"ये रे," त्या म्हणाल्या. "वाळलास."

"तू बरी आहेस ना?" भाऊ त्यांच्या शेजारी स्टुलावर टेकले.

"मला काय धाड भरलीय."

सगळे त्या दाराशीच गोळा झाले. थोरलीनं चहा आणला. डॉक्टर भिंतीला टेकून उभा राहिला. दमलेल्या माणसाला घरी आल्यावरही डॉक्टर राहावं लागतं, तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"आत्या, मी गोळी आणलीय. झोप लागेल. तुझं दुखणं आता शरीराचं नाही राहिलं. बाबांची काळजी, कामाची काळजी. बायकांचं होतं असं या वयात."

"पुरुषांना काळजी नसते वाटतं?" थोरली म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"का नको? मला पोटात कळा यायच्या तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. काळजीचं आहे. शेवटी ऑपरेशन झालंच ना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"थोरले, आज नको," भाऊ म्हणाले. मग बहिणीकडे वळून त्यांनी वाटेत मनात जुळवत आणलेलं बोलून टाकलं. "आक्का, मी काय म्हणतो. आता तू शेडमधलं काम बंद कर. हिला हात बसलाय. तू वर खोलीत आराम कर. खूप केलंस."

आक्कांनी मान वळवून अंगणात वाळत असलेल्या कापडाच्या ताग्यांकडे पाहिलं. वहिनींनी रंगवलेले ते तागे कडेला फिके आणि मध्ये ढगाळ उतरले होते. आक्कांना ते सकाळपासून खुपत होतं. पण वहिनींनी न सांगता हात घातला, हेही त्यांना दिसत होतं.

"म्हणजे... काढलंत मला," त्या म्हणाल्या.

"काढलं काय? काहीतरीच बोलतेस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा."

 वहिनींच्या मनगटावर दवाखान्यातला कापूस अजून चिकटलेला होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"आक्कांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. त्यांचं रक्त काढायचं. माझं काढलं तसं."

 थोरली फटकन म्हणाली, "आज एवढा पुळका कुठून आला, आई? मला बघायला पाहुणे आले तेव्हा आत्याला शेडमध्येच थांबा म्हणून सांगणारी तूच होतीस."

"मीच होते," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही. "त्याचं काय ते पुढं कधी भांड माझ्याशी. आज गाडी काढ."

*

डॉक्टरला राग आला होता. आईचा आला होता, ताईचा आला होता, आणि या घरात कुणालाच आपल्या शिक्षणाची किंमत नाही याचा जुना राग त्यात मिसळला होता. घरोघरी मातीच्या चुली असतात हे त्याला ठाऊक होतं, पण इथं चुलीचा धूर थेट त्याच्याच डोळ्यांत जात होता.

"ठीक आहे. एकदाच सगळ्यांच्या समोर दाखवतो, म्हणजे पुन्हा विषय नको. आत्या, हात दे."

त्यानं आत्याचा हात उचलला. हे हात त्याला स्वतःच्या हातांपेक्षा जास्त माहीत होते. याच निळ्या नखांनी त्याला लहानपणी संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या होत्या. आत्याची नखं निळी असायचीच. तिकडे पुन्हा कशाला बघायचं?

"इथं अंधार आहे," आक्का म्हणाल्या. "उंबऱ्यावर ने. रंग... उजेडात बघावा."

तशी या धंद्यातली शिस्तच होती. दिव्याखाली कापडाचा रंग ठरवायचा नाही. दारात यायचं, खाली पांढऱ्या कापडाचा तुकडा धरायचा, मग बोलायचं. थोरलीनं सवयीनं तुकडा आणून खुर्चीच्या हातावर पसरला आणि डॉक्टरनं आत्याचा हात त्यावर ठेवला.

"ही बघा नीळ. आता मी नख दाबतो. निळा रंग रक्ताचा असेल तर दाबल्यावर हलतो. नीळ असेल तर हलणार नाही."

त्यानं अंगठ्याचं नख शेंड्याकडून दाबलं. शेंडा निळाच राहिला. जाग्यावरून हलला नाही. "बघा," तो म्हणाला, आणि आई बघतेय ना म्हणून वर बघितलं. वहिनी बघत होत्या, पण शेंड्याकडे नाही.

"खाली दाब," त्या म्हणाल्या. "मुळाशी."

"तेच आहे, आई."

"अरे, आक्कांनी ताप आल्यापासून पिंपाला हात लावलेला नाही. दीड महिना झाला. नख वाढतं की नाही? नीळ शेंड्याकडे सरकलीय, ही बघ तिची कड. मग कडेच्या खाली काय आहे हे?"

डॉक्टरनं मुळाशी दाबलं. तिथला रंग पांढुरका झाला. बोट सोडलं. रंग परत आला, हळूहळू, आणि तो गुलाबी नव्हता. पाटीसारखा निळा-राखाडी होता.

त्यानं दुसरं बोट दाबलं. तिसरं दाबलं. मग तो उंबऱ्यावर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "आत्या, जीभ दाखव."

आक्कांनी लहान मुलासारखी जीभ बाहेर काढली. ओठांवरून काही कळलं नसतं. त्यांचे ओठ मुळातच गडद. पण जिभेवर सावळेपणा नसतो. जीभ जांभळी पडली होती.

डॉक्टरला तेव्हा एक गोष्ट आठवली. काळ्या कातडीवर तो चिमटा खऱ्यापेक्षा बरा आकडा दाखवू शकतो, असं शिकवणाऱ्यांनी एकदा वर्गात सांगितलं होतं. ते परीक्षेत आलं नाही आणि तो विसरला. बोटावरचा वाईट आकडा नीळ आहे म्हणून त्यानं खोटा ठरवला होता, आणि कानावरचा चांगला आकडा चांगला आहे म्हणून खरा. आत्या तपासायच्या टेबलावर बसून 'बरं वाटतंय' म्हणाली होती, तेही त्यानं खरं मानलं होतं.  आत्याला आपण मारत आणलं, हे त्याच्या मनात इतक्या स्पष्ट शब्दांत आलं की त्याला आजूबाजूचं काही ऐकू येईना.

आक्का स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. साऱ्या जन्मात त्यांनी हजारो वार कापड या उंबऱ्यावर पारखलं असेल. आपला हात मात्र कधी असा पांढऱ्यावर ठेवून बघितला नव्हता. त्यांनी दुसऱ्या हातानं नखाची निळी कड चाचपली, खालचा भाग चाचपला.

"हा," त्या म्हणाल्या, आणि श्वासासाठी थांबल्या. "हा माझा निळा नाही."

भाऊंनी तोंड झाकून घेतलं. थोरली गाडीची चावी शोधत घरभर धावली आणि चावी तिच्या खिशातच होती.

*

व्हॅनमध्ये मागे कापडाचे गठ्ठे होते, त्यांनाच टेकवून आक्कांना बसवलं. वहिनी त्यांच्या पाठीशी बसल्या. थोरली गाडी चालवत होती आणि आरशात दोघींकडे बघत होती. आईनं आत्याला असं मिठीत धरलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. राग गेला नव्हता तिचा. पण तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर गाडी थांबायच्या आत उतरला आणि वरच्या मोठ्या डॉक्टरांना गाठायला आत पळाला. भाऊंना गाडीतच बसवून थोरली आत्याला आधार देत काउंटरपाशी आली. सकाळची सिस्टर नव्हती. एक नवा माणूस होता, आणि त्याच्यापुढे रांग होती.

"यांना ताबडतोब घ्या. श्वास लागतोय."

त्या माणसानं आक्कांकडे एक नजर टाकली. "चालत आल्या ना? बोलतायत. बाकावर बसवा, नंबर येईल."

"बोटं बघा त्यांची."

त्यानं बघितली. काळ्या हाताची निळी बोटं. "काय लावलंय? रंग आहे का?" तो म्हणाला आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

थोरलीच्या ओठांवर शिवी आली होती. तेवढ्यात वहिनी मागून आल्या. त्यांनी काउंटरवर आपले दोन्ही गोरे हात पालथे ठेवले.

माणूस ताडकन उठला. "बाई! बसा, बसा आधी! अरे, खुर्ची आणा!"

खुर्ची धावत आली. वहिनींनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि फिरवून आक्कांपुढे लावली.

"बसा, आक्का."

"अहो, पण खुर्ची तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठीच आली," वहिनी म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. आता ढकला."

आणि पुढे झालेला आरडाओरडा थोरलीनं एकटीनं निस्तरला. तिला त्यात बरंच वाटलं.

मनगटातलं रक्त डॉक्टरनंच काढलं. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. धमनी दोनदा चुकली. आक्कांनी डोळे मिटून घेतले होते. तोंडातून चकार शब्द नाही. मदतीला उभी राहिलेली सिस्टर कौतुकानं म्हणाली, "सहनशक्ती बघा यांची! सकाळी एक बाई आली होती, तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला. यांच्यात मुळातच दुखणं कमी लागतं म्हणतात."

"सकाळची बाई मीच," वहिनी म्हणाल्या. "आणि लागतं त्यांना. लागत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

रिपोर्ट आला. मोठे डॉक्टर आले, आक्कांची छाती ऐकली, एक्स-रे पाहिला आणि घरच्या डॉक्टरला बाजूला घेऊन बोलले. तो परत आला तेव्हा सगळ्यांना त्याच्या चालीवरूनच कळलं.

"वाचेल," तो म्हणाला. "पण फुप्फुसाचा खालचा भाग कडक झालाय. तो काही आता परत यायचा नाही. वेळेवर आली असती तर..."  भाऊंकडे बघून तो म्हणाला, "बाबा, तुमच्याइतकीच आजारी होती ती. त्याच दिवशी. तुम्हाला ठेवून घेतलं आणि तिला मी घरी पाठवलं."

भाऊ गाडीतून उतरून आत आले होते, भिंतीला धरून उभे होते. "ती काही बोललीच नाही रे," ते म्हणाले.

"बोलली असती तर?" थोरली म्हणाली. "तर म्हणाला असतात, आक्का नाटकं करते."

 भाऊंनी मुलीचा हात हातात घेतला, तिनं तो काढून घेतला नाही.

ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर आक्कांचा चेहरा थोडा सैल पडला. जिभेचा रंग निवळला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोड्या वेळानं पुन्हा एकदा रक्त बघू. डॉक्टर सुई घेऊन खाटेशी आला. मनगटावर मघाच्या चुकलेल्या सुईचा डाग होता, त्याच्या शेजारी जागा शोधायची होती. वहिनी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी आक्कांचा दुसरा हात धरला होता. चार निळी नखं एका हाताची, चार दुसऱ्या हाताची, एकमेकांत अडकलेली.

"आत्या, आता दुखेल," तो म्हणाला.

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत. सुई आत गेली. त्यांनी वहिनींच्या हातातला हात सोडवून मास्क एका बाजूला सरकवला.

"दुखतंय रे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर थांबला. खाटेभोवतीची सगळीच माणसं थांबली, कारण हे वाक्य या घरानं आजवर त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. आक्कांना मात्र आता थांबता येईना. इतका श्वास त्यांना कितीतरी दिवसांनी मिळाला होता.

"फार दुखतंय. छातीत दुखतंय, पाठीत दुखतंय. आईला पण दुखत होतं, भाऊ. ती मला सांगायची. तुम्हाला नको सांगू म्हणायची."

भाऊ खाटेच्या पायथ्याशी बसले आणि बहिणीचे पाय चेपू लागले.

"सांग आक्का," ते म्हणाले. "आणखी कुठं दुखतं?"